प्रगत इंग्रजी शिकवायचे कोणी?

एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या प्रबंधातील एक वाक्य समोर ठेवून आम्ही दोघी बसलो होतो. तिने एका द्रवखताचा परिणाम ४० रोपांवर तपासला होता; २० रोपांना खत दिले, २० रोपांना दिले नाही, आणि सहा आठवड्यांनंतर खत दिलेल्या रोपांची सरासरी उंची अधिक भरली. या प्रयोगाने खताची परिणामकारकता सिद्ध होते, असे तिने इंग्रजीत लिहिले होते आणि त्यासाठी ‘प्रूव्ह्ज’ हे क्रियापद योजले होते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती. प्रगत इंग्रजीचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली होती आणि त्याची खूण त्या वाक्याच्या सफाईत दिसत होती. तरीही वाक्य चुकलेले होते, कारण ४० रोपे, एकच हंगाम आणि एकाच प्रकारची माती एवढ्या आधारावर काहीच सिद्ध होत नाही. मी ते क्रियापद अधोरेखित केले तेव्हा तिने विचारले, “मग मी काय लिहू, मॅडम?” ‘शोज’, ‘इंडिकेट्स’, ‘सजेस्ट्स’, ‘इज कन्सिस्टंट विथ’ असे पर्याय आम्ही एकेक करून त्या जागी बसवून पाहिले आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला: एवढे म्हणायला तुझ्याजवळ पुरावा आहे का? तासाभरात क्रियापद तर बदललेच, पण मध्येच ती थांबली, वही उघडली आणि म्हणाली की लावलेली रोपे खरे तर ४३ होती. तीन मेली म्हणून तिने ती मोजणीत धरली नव्हती. मेलेली तिन्ही रोपे खत दिलेल्या गटातली होती.

विद्यापीठाच्या पातळीवरचे इंग्रजी म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी त्या एका तासाकडे बोट दाखवीन. पुराव्याला जेवढे पेलेल तेवढेच वजन विधानाला देणे, दुसऱ्याने आपल्या विधानाला किती वजन दिले आहे ते वाचताना ओळखणे, आणि त्याच्याशी असहमत व्हायचे असेल तर नेमक्या कोणत्या शब्दापाशी असहमत आहोत हे सांगता येणे, हा त्या शिक्षणाचा गाभा आहे. हे काम विषयापासून तोडून करता येत नाही. खताचे नाव, रोपांची संख्या, प्रयोगाची मांडणी हे काहीच समोर नसते, तर त्या क्रियापदाविषयी बोलण्यासारखे माझ्याजवळ काहीही नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, प्रगत इंग्रजी शिकवण्याची पहिली जबाबदारी त्या त्या विषयाच्या विभागाची आहे आणि भाषेच्या शिक्षकाची जागा त्या विभागाच्या वर्गात, विषयशिक्षकाच्या शेजारी आहे. आज बहुतेक ठिकाणी हे काम एका वेगळ्या तासाकडे, वेगळ्या विभागाकडे आणि वेगळ्या परीक्षेकडे सोपवून विषयाचे विभाग मोकळे होतात. मी स्वतः अशाच वेगळ्या तासाला पुष्कळ वर्षे शिकवले आहे, आणि त्या तासाला काय साधते व काय साधत नाही हे मी जवळून पाहिले आहे.

त्या तासाला शिकवले जाणारे ‘प्रगत’ हे बहुतांशी ‘अधिक’ असते. आधी शिकलेल्या नियमांपेक्षा अधिक नियम, अधिक दुर्मीळ शब्द, अधिक वाक्प्रचार, अधिक लांब वाक्ये. पायरीमागून पायरी चढत गेले की माथ्यावर पोहोचतो, असे चित्र त्यामागे आहे आणि परीक्षांनी ते पक्के केले आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी घेतली जाणारी टोफेल ही परीक्षा १९६४ साली सुरू झाली, आयईएलटीएस १९८९ साली. युरोप परिषदेने २००१ साली भाषाक्षमतेची ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली जाऊ लागली. या परीक्षांना आणि चौकटीला माझा विरोध नाही. विद्यार्थी व्याख्यान समजून घेऊ शकेल का, प्रश्न विचारू शकेल का, हे दारातच तपासायला काहीतरी माप लागतेच. पण दारातून आत येण्याचे माप हेच आतल्या शिक्षणाचे ध्येय होऊन बसते, तेव्हा घोटाळा होतो. विद्यार्थी सात गुणांवरून आठ गुणांवर जाण्यासाठी वर्ष घालवतो, आणि त्या वर्षात त्याच्या स्वतःच्या विषयातला एकही लेख त्याने सावकाश, वाक्यावाक्याला थांबून वाचलेला नसतो. युरोपीय चौकटीच्या मूळ दस्तऐवजातच असे स्पष्ट लिहिले आहे की, सी-२ या सर्वोच्च पायरीचा अर्थ जन्मतः ती भाषा बोलणाऱ्याइतके किंवा जवळपास तेवढे प्रभुत्व असा घेऊ नये. तरीही ‘इंग्रजांसारखे इंग्रजी’ हे आमिष जाहिरातींतून आणि पालकांच्या मनातून जात नाही.

खरे तर ज्ञानव्यवहाराची भाषा जन्मतः कोणाचीच नसते. ती कोणाचीही मातृभाषा नाही, सुसंस्कृत घरांतल्या मुलांचीही नाही, असे पिएर बोर्द्यू आणि झाँ-क्लोद पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी म्हटले होते, आणि ते ज्या भाषेत शिकवत होते त्या फ्रेंचविषयी म्हटले होते. इंग्रजीलाही ते तंतोतंत लागू पडते. घरात इंग्रजीच बोलणारा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या निबंधात तितकाच अडखळतो. फरक इतकाच की त्याच्या अडखळण्याला कोणी भाषेची अडचण म्हणत नाही. कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला, आणि पुढे स्थलांतरित मुलांच्या पाहणीच्या आधारे असे दाखवले की, रोजच्या बोलण्यातली सफाई साधारण दोन वर्षांत येते, परंतु अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. ही पाहणी शाळकरी मुलांची होती, तरी तिच्यातला इशारा विद्यापीठांनी कानाआड करण्यासारखा नाही. फाडफाड बोलणाऱ्या विद्यार्थ्याला आपण भाषेच्या मदतीची गरज नाही असे समजतो आणि अडखळत बोलणाऱ्याला विचारही अडखळतच येत असणार असे समजतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी अन्यायकारकही आहे.

लांब वाक्यांविषयीची समजूत तर सरळसरळ उलटी निघाली. जटिल विचार म्हणजे उपवाक्यांनी लगडलेले वाक्य, असे आम्ही शिकवत आलो. डग्लस बायबर आणि बेथनी ग्रे यांनी लाखो शब्दांच्या भाषासंग्रहांच्या आधारे केलेली मांडणी, २०१० साली, असे सांगते की उपवाक्यांची रेलचेल बोलण्यात अधिक असते. ज्ञानशाखांचे इंग्रजी लेखन उपवाक्ये वाढवून लांबत नाही, ते नामपदांत अर्थ कोंबून घट्ट होते. मराठीत बोलायचे तर ‘पाऊस कमी पडला म्हणून पीक बुडाले’ हे दोन क्रियापदांचे बोलते वाक्य आहे, आणि ‘पर्जन्यमानातील घटीमुळे झालेली पीकहानी’ हे त्याच आशयाचे घट्ट रूप आहे. त्यात क्रियापदे नामांत विरघळली आहेत. मायकेल हॅलिडे या भाषावैज्ञानिकाने या क्रियेला ‘व्याकरणिक रूपक’ म्हटले. या घट्टपणाचा उपयोग असतो, कारण एकदा घटना नाम झाली की तिच्याविषयी पुढे बोलता येते, तिला कारण देता येते, तिची दुसऱ्या घटनेशी तुलना करता येते. पण घट्टपणाची किंमतही असते. ‘धोरणाच्या अंमलबजावणीतील अपयश’ असे लिहिले की अंमलबजावणी कोणाची आणि अपयशी कोण ठरले, हे दोन्ही कर्ते वाक्यातून नाहीसे होतात. तेव्हा विद्यार्थ्याला शिकवायचे ते असे गाठोडे बांधायला आणि सोडायला, दोन्ही. अर्थशास्त्राच्या लेखातले असे गाठोडे कसे सोडवायचे हे अर्थशास्त्र माहीत असणाऱ्याच्या मदतीशिवाय मी शिकवू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

शब्दांचेही तसेच. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुलांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या रूपांच्या गटांची, एक यादी तयार केली. सर्व ज्ञानशाखांत वारंवार येणारे, पण रोजच्या वापरातल्या पहिल्या २००० शब्दकुलांत न मोडणारे हे शब्द. कोणताही अभ्यासविषयक इंग्रजी मजकूर घेतला तर त्यातला साधारण दहावा हिस्सा या यादीने व्यापलेला असतो. यादी उपयुक्त आहे आणि मी ती वापरते. मात्र केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ साली दाखवून दिले की, हे शब्द वेगवेगळ्या ज्ञानशाखांत वेगवेगळ्या अर्थांनी आणि वेगवेगळ्या सोबतीने वावरतात. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द घ्या. इतिहासाच्या लेखात तो ‘महत्त्वाचा’ या अर्थाने येतो. संख्याशास्त्राचा आधार घेणाऱ्या लेखात तो एवढेच सांगतो की, मुळात परिणाम नसताना इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे; फरक मोठा आहे की क्षुल्लक, याविषयी तो काहीच सांगत नाही. शब्दार्थाच्या वहीत या शब्दापुढे ‘महत्त्वाचा’ असे लिहून पाठ करणारा विद्यार्थी वैद्यकशास्त्राचा लेख वाचतो तेव्हा किरकोळ फरकाला मोठा गुण समजून बसतो. ही चूक इंग्रजीच्या तासाला कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आता मी माझ्या वर्गात सर्वाधिक वेळा वाचून घेतलेल्या लेखाविषयी थोडे विस्ताराने लिहिते. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या रचनेविषयीचा लेख प्रसिद्ध केला. लेख एका पानाहून थोडाच मोठा आहे. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शोधांपैकी एकाची ही घोषणा सुरू होते ती ‘वुई विश टु सजेस्ट’ या शब्दांनी: आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. शोधून काढली, सिद्ध केली असे शब्द तिथे नाहीत. शेवटाकडे ते प्रसिद्ध वाक्य येते, ज्याचा आशय असा की, आम्ही गृहीत धरलेल्या विशिष्ट जोड्यांमुळे जनुकीय द्रव्याची प्रत तयार होण्याची एक शक्य यंत्रणा लगेच सूचित होते, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही. या वाक्यात विद्यार्थ्याला शब्दकोशात शोधावा लागेल असा शब्द क्वचितच आहे. ‘गृहीत धरलेल्या’, ‘शक्य’, ‘सूचित होते’ अशा तीन ठिकाणी दावा आखडता घेतला आहे. आणि तरीही ‘नजरेतून सुटलेली नाही’ या दुहेरी नकारामुळे दोघांना आपल्या हाती काय लागले आहे याची पूर्ण जाणीव असल्याचे वाचकाला कळते. दावा आखडता घेणे म्हणजे भित्रेपणा, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वाक्य मी मुद्दाम फळ्यावर लिहून देते.

पण त्याच लेखात आणखी एक जागा आहे, आणि मला ती अधिक शिकवण्याजोगी वाटते. आपली रचना ‘मुख्यतः, पण संपूर्णपणे नव्हे’ प्रकाशित प्रयोगसामग्रीवर आणि त्रिमितीय रसायनशास्त्रातील युक्तिवादांवर आधारलेली आहे, असे लेखक म्हणतात. आणि अखेरीस ऋणनिर्देशात, मॉरिस विल्किन्स, रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या व कल्पनांच्या ‘सर्वसाधारण स्वरूपाच्या’ माहितीने आम्हांला चालना मिळाली, असे लिहितात. फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्र आणि अप्रकाशित मोजमापे लेखाआधी या दोघांपर्यंत पोहोचली होती, हे आज सर्वज्ञात आहे. ‘पण संपूर्णपणे नव्हे’ या छोट्याशा पुस्तीत ती सगळी हकीकत दडलेली आहे. विद्यार्थी ही पुस्ती पहिल्या वाचनात ओलांडून जातात. दुसऱ्या वाचनात मी विचारते की, जे ‘संपूर्णपणे नव्हे’ ते उरलेले काय होते आणि ‘सर्वसाधारण स्वरूप’ म्हणजे किती? त्या क्षणी वर्गातली शांतता बदलते. भाषेचे जे साधन दाव्याला प्रामाणिक ठेवते, त्याच साधनाने दुसऱ्याचे ऋण लहान करून दाखवता येते, हे त्यांना दिसते. इंग्रजीतून ज्ञान घेणाऱ्या प्रत्येकाला एवढे वाचता आलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते, कारण हे वाचता आले नाही तर आपण त्या भाषेतले कायमचे पाहुणे राहतो आणि यजमान जे पुढ्यात ठेवील ते मान्य करतो.

अशा वेळी मला मराठीचा फार मोठा आधार होतो. इंग्रजी सुधारायचे तर मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली पाहिजे, हा दंडक अजून पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. मी तो कधीच सोडून दिला. ‘रात्री पाऊस पडला’, ‘पडला असणार’, ‘पडला असावा’, ‘पडला असेल’, ‘पडला म्हणे’ ही पाच वाक्ये कोणत्याही मराठी विद्यार्थ्यासमोर ठेवा. पहिल्याने पाऊस स्वतः पाहिला किंवा त्याला त्याची खात्री आहे; दुसऱ्याने अंगण ओले पाहून ठाम अनुमान केले; तिसऱ्याचे अनुमान जरा सैल आहे; चौथा नुसती शक्यता बोलून दाखवतो; पाचव्याने ते कोणाकडून तरी ऐकले आणि जबाबदारी सांगणाऱ्यावर ठेवली. हा फरक त्याला लहानपणापासून कळतो, त्यात तो कधी चुकत नाही. म्हणजे पुराव्यानुसार विधान तोलण्याचे कौशल्य त्याच्याकडे आधीच आहे. तेच कौशल्य इंग्रजीत ‘मस्ट हॅव’, ‘प्रॉबॅबली’, ‘मे हॅव’, ‘इज रिपोर्टेड टु हॅव’ अशा वेगळ्या साधनांनी अमलात येते एवढेच त्याला दाखवायचे असते. खत देणाऱ्या त्या विद्यार्थिनीलाही मी शेवटी हेच म्हटले होते, “तुला नेमके काय दिसले ते आधी मराठीत सांग.” तिने पटकन सांगितले, “खत दिलेली रोपं वाढली जास्त, पण ती खतामुळेच वाढली असं नाही ना म्हणता येणार.” तिच्या इंग्रजी मसुद्यात नसलेली सगळी सावधगिरी त्या एका वाक्यात होती. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली असती तर ती सावधगिरीही बाहेरच राहिली असती.

येथे चुका तपासण्याच्या पद्धतीविषयी बोलणे भाग आहे, कारण विद्यार्थ्याला आपल्या भाषेविषयी काय वाटते ते बरेचसे लाल शाईवर ठरते. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ ही आर्टिकले मराठीत नाहीत, आणि ज्यांच्या मातृभाषेत ती नाहीत अशा मुरलेल्या संशोधकांच्या लेखनातही त्यांच्या चुका वर्षानुवर्षे टिकून राहतात. अशा प्रत्येक चुकीवर वर्तुळ काढून पान लाल करण्याने काय साधते, हा प्रश्न तज्ज्ञांमध्येही वादाचा आहे; जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली व्याकरणदुरुस्ती बंदच करावी असे मांडले आणि डेना फेरिस यांनी १९९९ साली त्याला विरोध केला. माझे मत मधले नाही, वेगळे आहे. ज्या चुकीने दावा बदलतो ती चूक आधी धरावी, बाकीच्या सावकाश धराव्यात. ‘फ्यू स्टडीज’ आणि ‘अ फ्यू स्टडीज’ यांत एका इवल्याशा ‘अ’चा फरक आहे. पहिल्याचा अर्थ असा की या मताला पाठिंबा देणारे अभ्यास जवळजवळ नाहीत. दुसऱ्याचा अर्थ असा की काही अभ्यास आहेत. संशोधनाचा आढावा घेताना हा ‘अ’ गळला तर लेखक जे म्हणू पाहतो त्याच्या उलट म्हणून बसतो. इतर दहा आर्टिकले चुकली तरी वाचक अडत नाही. पण चुकांमधला हा फरक करण्यासाठी तपासणाऱ्याला त्या विषयातला दावा कळावा लागतो; म्हणून तपासणीही विषयशिक्षकाशिवाय होऊ शकत नाही.

विषयशिक्षकांचे यावरचे उत्तर मला पाठ आहे: आम्ही भाषेचे शिक्षक नाही, आणि अभ्यासक्रम पुरा करायलाच वेळ अपुरा पडतो. पहिल्या भागाला मी विनयाने पण ठामपणे उत्तर देते. आपल्या विषयात ‘सूचित होते’ कधी म्हणायचे आणि ‘दाखवून दिले’ कधी म्हणायचे हे तुम्हांला माहीत आहे, मला नाही. तुम्ही ते स्वतःच्या लेखनात रोज पाळता, विद्यार्थ्याला फक्त ते कधी उलगडून सांगत नाही. ते उलगडून सांगण्यासाठी लागणारे शब्द आणि पद्धत मी देऊ शकते. दोघे मिळूनच हे काम पुरे होते. वेळेविषयीची तक्रार मात्र खरी आहे आणि तिला टाळून कोणतीही सुधारणा होणार नाही. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाकडून ५०० शब्दांचा निबंध तीन मसुद्यांत लिहून घेतला तर ९०,००० शब्द तपासावे लागतील. कोणताही शिक्षक ते मन लावून करू शकत नाही, आणि मन न लावता केले तर न केलेले बरे. परंतु निबंधाऐवजी १५० शब्दांचा एकच परिच्छेद घ्या, ज्यात एक दावा, त्याचा पुरावा आणि त्याची मर्यादा एवढेच असेल. तीन मसुद्यांचे मिळून २७,००० शब्द होतात आणि दोन शिक्षकांत ते सत्रभर विभागता येतात. परिच्छेद लहान असला तरी त्यात सुटका नसते. १५० शब्दांत दावा लपवायला जागा मिळत नाही.

दुसरा आक्षेप नोकरीच्या बाजूने येतो. मुलाखतीत बोलता आले पाहिजे, ईमेल लिहिता आला पाहिजे, मग विद्यापीठाने दाव्याच्या वजनाचा एवढा काथ्याकूट कशाला करावा, असे विचारले जाते. बोलता येणे आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. पण रुग्णाच्या अहवालात डॉक्टरने, पुलाच्या तपासणीच्या अहवालात अभियंत्याने, कर्जाच्या शिफारशीत बँकेच्या अधिकाऱ्याने ‘धोका नाही’ लिहायचे की ‘तपासलेल्या भागात धोका आढळला नाही’ लिहायचे, यात कोणाचा तरी जीव किंवा कोणाची तरी मिळकत गुंतलेली असते. नोकरीत याच लेखनाची गरज अधिक पडते आणि तिथे चुकीची किंमतही मोठी असते.

आणि आता यंत्रे लिहू लागली आहेत. मोडके इंग्रजी दिले की क्षणात सफाईदार इंग्रजी परत मिळते. ज्या सफाईसाठी आम्ही वर्षानुवर्षे गुण देत आलो ती आता कोणालाही घरबसल्या मिळते, हे एका अर्थाने चांगलेच झाले. केवळ उच्चारामुळे किंवा आर्टिकलमुळे मागे पडलेल्या पुष्कळ बुद्धिमान मुलांचा रस्ता त्याने मोकळा केला. मात्र यंत्राने दुरुस्त केलेले परिच्छेद मी तपासते तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते: विद्यार्थ्याने ‘बहुधा’ अशा अर्थाने लिहिलेले विधान सफाईच्या ओघात ठाम होऊन परत येते, किंवा ठाम असायला हवे ते गुळमुळीत होऊन येते, आणि विद्यार्थ्याच्या ते लक्षात येत नाही. ४३ पैकी तीन रोपे मेली होती हे यंत्राला ठाऊक नव्हते. ते फक्त तिला ठाऊक होते. म्हणून मी सुचवते की, यंत्र वापरू नका असे सांगण्यात शक्ती घालवण्यापेक्षा, सादर केलेल्या परिच्छेदातले प्रत्येक मुख्य क्रियापद का निवडले हे विद्यार्थ्याला समोर बसवून पाच मिनिटे विचारावे. उत्तर मराठीत दिले तरी चालेल.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांपुढे माझी मागणी मोठी नाही. प्रगत इंग्रजीचा स्वतंत्र लेखी पेपर काढून टाकावा आणि त्याचे गुण प्रत्येक विभागातल्या एका विषयाच्या लेखनाला द्यावेत. त्या गुणांपैकी निम्मे पहिल्या मसुद्याला नव्हे, तर पहिल्या आणि तिसऱ्या मसुद्यात झालेल्या बदलाला असावेत, म्हणजे कच्चे इंग्रजी घेऊन आलेल्या विद्यार्थ्यालाही पूर्ण गुण मिळवण्याची संधी राहील. भाषेच्या शिक्षकांचे तास त्या विभागांत वाटून द्यावेत. आणि प्रत्येक विभागाने आपल्या विषयातला एकच चांगला, छोटा लेख निवडून तो सत्रभर पुन्हा पुन्हा वाचून घ्यावा. एका सत्रात एक लेख पुरतो, ‘पण संपूर्णपणे नव्हे’सारख्या जागा सापडायला तेवढा वेळ लागतोच.